बाबांची थकलेली ग्रॅच्युइटी, बंद कंपनी, क्लेम कुठे करायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बाबा ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत फिटर होते, कंपनी आजारी म्हणून बीआयएफआरकडे (आजारी कंपन्यांसाठीचं सरकारी मंडळ) गेली, पुनर्वसन योजना मंजूर झाली म्हणून गेटवर पेढेपण वाटले आणि मग वर्षभरात टाळंच लागलं. ग्रॅच्युइटी आणि शेवटचे ७ पगार अजून अडकलेत.

आता बाबा ७४ वर्षांचे आहेत, पत्र्याच्या ट्रंकेत पगाराच्या स्लिपा, पीएफची पावती आणि पितळी बिल्ला जपून ठेवलाय, स्लिपांवरची शाई मात्र पार उडत चाललीये.

१ डिसेंबर २०१६ ला बीआयएफआरच बंद झालं आणि तिथल्या पेंडिंग केसेस संपल्या, एनसीएलटीत (कंपन्यांच्या केसेस चालवणारं न्यायाधिकरण) जायला १८० दिवस होते म्हणे, ते आम्हाला कोण सांगणार! युनियनचे साहेब तर फोनच उचलत नाहीत.

कंपनी हायकोर्टाच्या लिक्विडेटरकडे (बंद कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी) आहे की एनसीएलटीत, हे कसं शोधायचं? नवीन दिवाळखोरी कायद्यात (आयबीसी) कामगारांच्या २४ महिन्यांच्या थकबाकीला बँकांच्या बरोबरीने मान आहे असं वाचलं, पण आमची केस जुनी, मग ते लागू होईल का? कुणी असा क्लेम भरलाय का, स्लिपा पुसट असतील तर चालतात का?