रॉक बँडमध्ये सतारीला नेमके काम कोणते?

जोडतार (लातूर) यांचा प्रश्न

नमस्कार. मी अकरा वर्षांपासून सतार शिकतो आहे आणि सध्या मित्रांच्या रॉक बँडबरोबर एक गाणे बसवतो आहे. गाणे डी मायनरमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी दोनवर (पेटीची दुसरी पांढरी पट्टी षड्ज धरून) आहे. त्यासाठी काळी एकची माझी सतार मी अर्धा सूर चढवून घेतली. इथपर्यंत सगळे सुरळीत होते.

तिसऱ्या ओळीत गिटार बी फ्लॅट कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर) जाते आणि तिथे घोटाळा होतो. माझ्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप गुंजणाऱ्या बारीक तारा, आधीच्या कॉर्डलाच धरून बोलत राहतात आणि त्या चार मात्रांत सगळेच बेसूर वाटू लागते. शिवाय गिटारवाल्या मित्राला सतारीकडून केवळ एक झंकार हवी आहे. मी कोमल गांधारावरून पंचमापर्यंत मींड ओढली (तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकलो) की तो म्हणतो, "सुंदर आहे, पण गाण्यात बसत नाही." मग अकरा वर्षे जे शिकलो ते बाजूला ठेवून बसायचे असेल, तर माझ्याऐवजी की-बोर्डवरचे बटण दाबले तरी चालेल, असे मला वाटू लागले आहे.

१९६५ नंतरच्या दहा वर्षांत ज्या बँडनी सतार वापरली त्यांनी ही अडचण कशी सोडवली? त्यांच्या संगीतात सतारीला खरोखर जागा होती की ती नुसतीच शोभेला होती? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

खर्जपंचम (छत्रपती संभाजीनगर)

त्यांच्यापैकी बहुतेकांनी ही अडचण सोडवली नाही, टाळली, असे माझे मत आहे. ती कशी टाळली हे मात्र ऐकण्यासारखे आहे.

मुळात सतारीचा आवाज रॉकमध्ये सतारीच्या आधी आला. १९६५ साली यार्डबर्ड्स या इंग्लिश बँडने एका गाण्यासाठी सतारवादक बोलावला होता, परंतु ते ध्वनिमुद्रण बाजूला ठेवून त्यांच्या जेफ बेकने फझ (आवाज खरखरीत करणारे उपकरण) लावलेल्या गिटारवर तशी खरखर काढली आणि तेच गाणे बाजारात आले. त्याच वर्षी किंक्स या दुसऱ्या बँडनेही गिटारवरच एक सूर अखंड धरून ठेवत तोच भास निर्माण केला. त्यांना सतारीतल्या दोनच गोष्टी हव्या होत्या, एक घोडीवरची जवारी, म्हणजे तार घोडीला घासून येणारी झणझण, आणि दुसरा न हलणारा षड्ज. या दोन्ही गोष्टी गिटारवर थोड्याफार साधता येतात. मींड, गमक (स्वरांचे जोरदार आंदोलन), आलापाचा संथ विस्तार या गोष्टींची त्यांना गरज भासली नाही.

बीटल्सचे जे गाणे सर्वांच्या तोंडी असते, ते 'नॉर्वेजियन वुड' ऑक्टोबर १९६५ मधले. त्यात त्यांच्या जॉर्ज हॅरिसनने लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील दुकानातून घेतलेली साधी सतार वाजवली आहे. ते गाणे कान देऊन ऐका. सतार तिथे गायकाची चालच पुन्हा वाजवते, स्वतःचे वेगळे काही बोलत नाही. मे १९६६ मध्ये आलेल्या रोलिंग स्टोन्सच्या 'पेंट इट ब्लॅक' या गाण्यात ब्रायन जोन्सही चालीबरोबरच धावतो, फक्त त्याचा आघात अधिक आक्रमक आहे. आपल्याकडे पेटीवाला गायकाच्या मागे मागे जातो, तसाच हा प्रकार म्हणावा.

खरे वळण त्यानंतर आले. हॅरिसन सप्टेंबर १९६६ मध्ये मुंबईत आला आणि पंडित रविशंकरांकडे त्याने तालीम घेतली. १९६७ च्या जूनमध्ये आलेल्या बीटल्सच्या सार्जंट पेपर या तबकडीत 'विदिन यू विदाउट यू' हे त्याचे गाणे आहे. त्यात लंडनमधील भारतीय वादक तबला, दिलरुबा, तंबोरा वाजवतात आणि मधला वाद्यांचा भाग दहा मात्रांचा, झपतालाच्या वजनाचा आहे. स्वर बहुतांशी खमाज थाटाचे, म्हणजे निषाद कोमल आणि बाकी शुद्ध असे आहेत. या गाण्यात सतार उपरी वाटत नाही आणि त्याचे कारण साधे आहे, तिथे कॉर्ड बदलतच नाहीत. सगळे गाणे एकाच षड्जावर उभे आहे. म्हणजे आपली जी अडचण आहे, ती तिथे उद्भवतच नाही.

प्रोग्रेसिव्ह रॉकची, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचना करणाऱ्या रॉक बँडची, गोष्ट नेमकी उलट आहे. त्या मंडळींना वीस-वीस मिनिटांच्या रचना करायच्या होत्या आणि त्यांत दर दोन-तीन मिनिटांनी आधारस्वर बदलायचा होता. बैठकीची सतार त्यात टिकणे कठीणच होते. त्यामुळे १९६७ मध्ये निघालेली कोरल कंपनीची इलेक्ट्रिक सतार त्यांना सोयीची वाटली. ती प्रत्यक्षात गिटारच आहे. पट्टी गिटारची, पडदे पक्के, वाजवायचे उभ्याने, फक्त घोडी रुंद आणि सपाट, म्हणजे तार तिला घासून झणझणते. बाजूला १३ तरफाही बसवलेल्या आहेत. येस या बँडच्या स्टीव्ह हाऊने १९७२ मध्ये आणि जेनेसिस या बँडच्या माइक रदरफोर्डने १९७३ मध्ये अशीच इलेक्ट्रिक सतार वापरली. ते तबकडीवर ऐकून 'व्वा, सतार!' म्हणणाऱ्यांनी एकदा त्याचे छायाचित्र पाहावे.

आता आपल्या मित्राबद्दल. त्याला जी झंकार हवी आहे ती या कोरलची आहे, हे त्याला बहुधा माहीत नसावे. मैफलीची सतार घेऊन आपण ती झंकार द्यायला बसला आहात, म्हणून दोघांचेही समाधान होत नाही.

संबळ (तुळजापूर)

वरील विवेचन उत्तम आहे, पण एक मुद्दा मला पटत नाही. आधारस्वर धरून ठेवणे हे कमी प्रतीचे काम आहे, असा सूर त्यातून निघतो. आमच्याकडे गोंधळात तुणतुणे असते. एकच तार, एकच सूर, रात्रभर. संबळ कितीही गरजला आणि मुख्य गोंधळी कथेत कुठेही गेला, तरी तुणतुणेवाला जागचा हलत नाही. त्याला कुणी शोभेचा म्हणत नाही, कारण तो थांबला तर काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. विणेकरी आणि एकतारीवाले भजनी हेही असेच.

किंक्स आणि बीटल्सना सतारीतले हे तुणतुणेपणच ऐकू आले असेल, तर त्यांनी काही वावगे ऐकले असे मी म्हणणार नाही. पुढे हॅरिसनने १९६८ च्या सुमारास सतारीचा रियाज सोडून पुन्हा गिटार हाती घेतली, पण तिच्यावर तो स्लाइडने (बोटात घातलेली नळी तारेवरून सरकवत) जे वाजवू लागला त्यात मला मींडच ऐकू येते. आपल्या गिटारवाल्या मित्राला त्याची ही स्लाइड ऐकवा, मग मींड गाण्यात कशी बसते ते तोच आपल्याला सांगेल.

जवारीवाला (अंबाजोगाई)

इतिहास झाला, आता दुरुस्ती पाहू. मी वाद्ये बनवत नाही, पण पंचवीस वर्षे माझ्या सतारीची किरकोळ कामे मीच करतो.

डी मायनर कॉर्डमध्ये आपले षड्ज, कोमल गांधार आणि पंचम आहेत. बी फ्लॅटमध्ये कोमल धैवत, षड्ज आणि कोमल गांधार आहेत. म्हणजे तीनपैकी दोन स्वर समान आहेत आणि भांडण फक्त पंचम आणि कोमल धैवत यांचे आहे, कारण त्यांच्यात अर्ध्या सुराचेच अंतर आहे. सगळ्या तरफांना दोष देऊ नका. पंचमाला लावलेल्या तरफा तेवढ्या शोधा आणि त्यांच्याखाली, घोडीपासून चार बोटांवर, लोकरीचा धागा आडवा सरकवा. एखादी तरफ शुद्ध ऋषभाला असेल तर तीही दाबा, कारण बी फ्लॅटवर तीही कोमल गांधाराशी कुरकुरते. चिकारी (ठेक्यासाठी छेडायची बाजूची तार) षड्जाला आहे तोवर ती दोन्ही कॉर्डवर खुशाल वाजवा, मात्र पंचमाची तार त्या चार मात्रांत छेडू नका.

दुसरे, आपण लिहिले नसले तरी ही अडचण पुढे येणारच आहे. बास गिटारचा स्पीकर सतारीच्या मागे ठेवला, तर आपण हात न लावताही तरफा गुणगुणू लागतात, तो आवाज माइकमध्ये जातो आणि शिटी सुरू होते. स्पीकर नेहमी सतारीच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असावा आणि माइक भोपळ्याकडे न रोखता घोडीच्या थोडा वर धरावा. तिसरे म्हणजे अर्धा सूर चढवलेल्या तारेवर पाच स्वरांची मींड ओढू नका. एप्रिलच्या उन्हात आपल्याकडे लाकूड जसे वागते ते लक्षात घेतले, तर ती तार ऐन कार्यक्रमातच तुटेल. गांधार ते पंचम एवढी मींड ठीक आहे.

जवारी झिजली असेल तर मात्र स्वतः कानस लावू नका, मिरजेच्या सतारीच्या कारागिरांकडेच न्या. लातूरहून रेल्वेने सोयीचे पडते.

जोडतार (लातूर)

सर्वांचे मनापासून आभार. जवारीवाला काका, मिरजेचा मार्ग आम्हाला चांगलाच पाठ आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी घेऊन आलेली रेल्वे मिरजेहूनच आली होती आणि माझी सतारही त्याच मार्गाने घरी आली आहे.

काल संध्याकाळी पंचमाच्या तीन आणि ऋषभाची एक अशा चार तरफांखाली आईच्या विणकामातला हिरवा धागा सरकवला. तिसरी ओळ आता स्वच्छ वाजते. गिटारवाल्याला हॅरिसनची स्लाइड ऐकवली, तेव्हा त्याने ती तीनदा ऐकली आणि गाण्याच्या शेवटी, जिथे कॉर्ड बदलत नाही तिथे, मला सोळा मात्रा मोकळ्या दिल्या. त्याच्या मते आठ पुरेशा होत्या. ड्रमवाल्याच्या मते अजूनही तेवढ्याच पुरेशा आहेत.