मदत हवी आहे: कमांडलाइनवर 'अमुकपासून पुढे' आणि 'अमुकपर्यंत' एकसारखं कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी,

इंदूरमधल्या एका छोट्या मराठी पतसंस्थेसाठी मी पायथनमध्ये सभासदांच्या याद्या काढणारं टूल लिहिलंय. ते चालवतात तिथले हिशेब बघणारे काका. वय, शिल्लक आणि ठेवीची मुदत यांवर चाळणी लागते, आणि बहुतेक वेळा एक टोक उघडंच असतं: साठीपुढचे सभासद, मार्चअखेरपर्यंत मुदत संपणाऱ्या ठेवी.

आधी ओळीतले ठरावीक भाग काढणाऱ्या 'कट' कमांडची पद्धत उचलली: ३-५ (तीन ते पाच), ३- (तीनपासून पुढे), -५ (पाचपर्यंत). वयाला छान चालली. तारखेत मात्र २०२६-०३-३१ अशा रेघा आधीच असतात. कॅश क्रेडिट खात्यांची (ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचल घेता येणारी कर्जखाती) शिल्लक उणे असते, मग -५००० म्हणजे उणे पाच हजार की पाच हजारांपर्यंत? वेब सर्व्हरकडून फाइलचा तुकडा मागणाऱ्या एचटीटीपीच्या रेंज हेडरमध्ये तर -५०० म्हणजे शेवटचे ५०० बाइट.

गेल्या आठवड्यात काकांनी आपल्या मनानं --वय=>६० लिहिलं. स्क्रीन कोरी. फोन आला, "अरे, साठीच्या वरचं कोणीच नाही का आपल्याकडे?" जाऊन बघतो तर फोल्डरमध्ये '६०' नावाची फाइल आणि तिच्यात अख्खी सभासद यादी! शेलनं (टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) > बघून आउटपुट फाइलकडे वळवलं, टूलला मिळालं नुसतं --वय=, आणि रिकामं म्हणजे 'मर्यादा नाही' असं मीच धरलं होतं. काकांची काहीच चूक नाही, शाळेत आपण असंच लिहायला शिकलो. आता रिकाम्याला एरर देतो.

सध्या दोन टिंबांवर आलोय: --वय ६०.., --वय ..१८, --मुदत २०२५-०४-०१..२०२६-०३-३१. पण गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) क..ख म्हटलं की क वगळला जातो, रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत १..५ मधून ५ वगळला जातो, धरायचा तर ..= लिहावं लागतं. '३१ मार्चपर्यंत' म्हणजे ३१ मार्च धरून, यावर मी ठाम आहे. मग 'दहा हजारांहून जास्त' कसं लिहायचं? १००००.०१.. लिहायला सांगणं मला पटत नाही.

दुसरी अडचण आर्गपार्सची, म्हणजे कमांडलाइनवरचे ऑप्शन वाचणाऱ्या पायथनच्या मॉड्यूलची. --शिल्लक -५००० तो निमूट घेतो, पण --शिल्लक -५०००..० ला अडतो, कारण उणेनं सुरू होणारं आणि निव्वळ संख्या नसलेलं काहीही त्याला नवं ऑप्शन वाटतं. मध्ये = दिलं की चालतं. सगळीकडे = सक्तीचं करू का?

आणि नुसतं --वय ६० म्हणजे नेमकं साठ की साठपासून?

--वय-पासून आणि --वय-पर्यंत असे वेगळे ऑप्शन केले तर अर्थ शब्दांतच येतो. पण तिनाचे सहा होतात, पुढे कर्जाचे हप्तेही जोडायचेत.

प्रोग्रामिंग न करणाऱ्यांच्या हाती असं टूल ज्यांनी दिलंय, त्यांनी काय निवडलं? काका प्रत्येक कमांड वहीत उतरवून ठेवतात, त्यामुळे एकदा दिलेली पद्धत मला पुन्हा बदलायची नाही.