कुडाळात भंगसाळ, देवबागेत कर्ली: पाटीवर नाव कुठलं?

घाटउतार:
कुडाळच्या पुलावर जी भंगसाळ, तीच नेरूरपारला कर्ली होते आणि देवबागजवळ समुद्राला मिळते. नकाशात बहुधा कर्लीच सापडते. माझं मत सरळ आहे. उगमापासून मुखापर्यंत एकच नाव हवं, महामार्गाच्या पाटीवरसुद्धा. पावसाळ्यात ‘भंगसाळ वाढली’ असं ऐकून खालच्या गावात नव्याने राहायला आलेल्या माणसाने काय समजायचं?

व्हाळाकाठी:
तुमका कोणी सांगल्यान नाव बदलूक? आमच्या आजये-पणज्यांपासून भंगसाळच. पाटी लावा नायतर काढा.

घाटउतार:
बदलायला नाही म्हणत. कंसात भंगसाळ लिहा की.

तरवाला:
कंसात म्हणजे दुय्यम, हे सरळ सांगा ना साहेब. शिवाय तुम्ही नदी एकसारखी धरून चालला आहात. सह्याद्रीतून उतरायचं आणि थोडक्यात समुद्र गाठायचा, ही कोकणातल्या नद्यांची चाल. त्यातही खालच्या टप्प्यात भरतीचं पाणी आत शिरतं. वर शेतीला चालणारं गोडं पाणी, खाली खारं, खाजण, कांदळवन, होड्या. कामं वेगळी म्हणून नावं वेगळी. खारेपाटणात शुक म्हणतात, तिचंच पाणी पुढे विजयदुर्गच्या खाडीत जातं. त्यात कुणाचं काय अडलं?

घाटउतार:
अडतं. तिलारीचंच बघा. धरण दोडामार्ग तालुक्यात आणि गोव्यात गेल्यावर नदीचं नाव शापोरा. वर पाणी सोडलं की खाली शापोराकाठी पातळी वाढणार. नाव एक असतं तर बातमी ऐकताक्षणी कळलं असतं.

तरवाला:
त्याला नाव काय करणार? पाणी सोडण्याआधी खालच्या गावांना फोन गेला पाहिजे.

पागझरी:
चिपळूणकर बोलतोय. ‘उगमापासून मुखापर्यंत’ हे ऐकायला छान वाटतं. वाशिष्ठीचं काय कराल? कोयनेचं पाणी पोफळीच्या बाजूला वीज करून इकडे सोडतात. म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी दाभोळला अरबी समुद्रात. भर उन्हाळ्यात आमच्याकडे जे वाहतं त्यात हे कोयनेचं पाणी मोठं. मग नावही कोयना द्यायचं का? (उगाच चिडवतोय, पण उत्तर द्या.)

घाटउतार:
पात्र वाशिष्ठीचं, नाव वाशिष्ठी. पाणी कुठून आलं याचा संबंध नाही. आणि तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. चिपळूणपासून खालपर्यंत वाशिष्ठी म्हणतातच ना?

पागझरी:
म्हणतात, पण मुखाजवळ दाभोळची खाडी. तिथल्या कोळ्याला वाशिष्ठीत जाळं टाकलंस का विचारून बघा.

जवाहरचौक:
राजापुरात पूर आला की बातम्यांत अर्जुनेबरोबर कोदवलीचं नाव येतं. कोदवली लहान, अर्जुनेला येऊन मिळते, पण बाजारपेठेत पाणी घुसवण्यात तिचा वाटा मोठा. सगळ्या खोऱ्याला एक नाव दिलंत तर आम्ही कुठल्या पाण्याकडे लक्ष ठेवायचं? इथे गल्लीगल्लीला नाव लागतं.

घाटउतार:
उपनदीला वेगळं नाव हवंच, त्याला माझा विरोध कधी होता? प्रश्न एकाच पात्राला दोन नावांचा आहे.

व्हाळाकाठी:
मगे देवबागेतल्या वाळूच्या पट्ट्याक ‘त्सुनामी बेट’ म्हणतत, तां आधी बदला. पर्यटक आले आणि नाव चिकटला. आमच्या भंगसाळीक तेवढी तरी किंमत द्या.

घाटउतार:
बरं. मग दोन्ही नावं सारख्या अक्षरात, कंस नाही. पण कर्ली पाहिजेच.

तरवाला:
कुडाळात भंगसाळ आधी, नेरूरपारला कर्ली आधी. एवढं असेल तर माझी हरकत नाही.