मदत हवी आहे: अमेरिकेतली पीएचडी, गाईडच्या ग्रँटवर कितपत विसंबावं?

नमस्कार मंडळी. भाचीला अमेरिकेत जीवशास्त्राच्या पीएचडीला प्रवेश मिळालाय. पत्रात पहिल्या वर्षी टीचिंग असिस्टंटशिप (शिकवण्याच्या कामाचा स्टायपेंड), पुढे 'निधी उपलब्ध असल्यास' रिसर्च असिस्टंटशिप (गाईडच्या ग्रँटमधून स्टायपेंड). हे तीन शब्द काही पचत नाहीत.

तिच्या गाईडची लॅब एनआयएचच्या, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या, पैशावर चालते. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचने ओव्हरहेड, म्हणजे इमारत, वीज, प्रशासनासाठी विद्यापीठाला मिळणारा वरखर्च, सरसकट १५ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. बऱ्याच मोठ्या विद्यापीठांचा दर ५० च्या वर आहे! कोर्टाने ते अडवलं, पण अनिश्चिततेपोटी काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्याच. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांना तिथलं सरकारी कर्जही मिळत नाही. स्टायपेंड थांबला की सगळंच थांबलं.

तर, ग्रँट कधी संपतेय हे गाईडला थेट विचारणं वावगं दिसेल का? एनआयएच रिपोर्टर या ग्रँटच्या माहितीच्या वेबसाइटवर तारीख दिसते, पण पुढचं काय ते कळत नाही. ग्रँट मध्येच गेली तर विभाग परत टीचिंग देतो, की दुसरी लॅब आपणच शोधायची?

१५ एप्रिलपर्यंत होकार कळवायचाय. सध्या तिथे असलेल्यांनी कृपया सांगावं. 'होईल गं सगळं नीट' हे माझ्या बहिणीने आधीच सांगून झालंय.