सीव्हीत छंद लिहायचे का?

नाशिकची_ताई: धाकटा भाऊ मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढच्या महिन्यात कॅम्पस चालू होतंय. काल रात्री त्याचा सीव्ही एका पानात बसवला, खाली थोडी जागा उरली तर त्याने टाकून दिलं, छंद : वाचन, संगीत ऐकणे, क्रिकेट, प्रवास. मी म्हटलं काढ ते, तो म्हणतो सगळेच लिहितात. तुम्हाला काय वाटतं?

गडवाट: छंद ठेवा, पण असे नाही. मी कॅम्पसला मुलाखती घ्यायला जातो. फ्रेशरकडे अनुभव नसतो, मार्क उन्नीस-बीस, प्रोजेक्ट तर चौघांत मिळून एक. एका पोराने ट्रेकिंग लिहिलेलं, इतका घाबरलेला की तोंडातून शब्द फुटेना. मी विचारलं हरिश्चंद्रगड कुठून केलास? म्हणाला सर दोनदा पाचनईकडून आणि एकदा खिरेश्वरवरून, टोलार खिंडीच्या वर आमच्यातल्या एकाला चक्कर आली, मग त्याची सॅक तिघांत वाटून घेतली, पाणी मोजून प्यायलो आणि अंधार पडायच्या आत वर पोचलो. दहा मिनिटं सलग बोलला, नंतर टेक्निकलची उत्तरं पण नीट आली. ती एक ओळ नसती तर आम्ही त्याला गप्प पोरगा म्हणून सोडून दिला असता.

पखवाजी: दादा, तुम्ही स्वतः गड चढता म्हणून त्याचं जमलं. माझ्या सीव्हीत पखवाज आणि आषाढी वारी होतं. समोरच्या साहेबांनी एकच विचारलं, दरवर्षी तीन आठवडे सुट्टी लागणार का? मी आळंदीपासून पुण्यापर्यंत दोनच दिवस चालतो, तेही सांगू दिलं नाही, पखवाजाचं तर कोणी विचारलंच नाही. छंदावरून माणसाचं घर कळतं, गाव कळतं, जात-धर्माचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेत २०१६ साली एक अभ्यास छापून आला, वकिली फर्म्सना बनावट सीव्ही पाठवलेले, शिक्षण-मार्क सेम, फक्त एकात शिडाच्या बोटी, पोलो आणि दुसऱ्यात फुटबॉल, कंट्री म्युझिक असे फरक. श्रीमंती छंदवाल्या पुरुषाला मुलाखतीची बोलावणी कितीतरी जास्त आली. आपल्याकडे वेगळं होत असेल असं मला वाटत नाही.

अभ्यासिका_पुणे: पण यूपीएससीच्या अर्जात छंदाचा रकाना असतोच की, आणि मुलाखत २७५ मार्कांची. सरावाच्या मॉक मुलाखतीत मी बागकाम लिहिलं आणि त्यांनी कलम कसं बांधतात विचारलं, मला धड सांगता आलं नाही, तेव्हापासून जे खरंच करते तेच लिहिते. एसएसबीला, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडतात तिथे, पण छंद भरून घेतात.

पखवाजी: तो रकाना सगळ्यांना भरावाच लागतो आणि पुढे अख्खं बोर्ड बसलेलं असतं. कंपनीत एक माणूस भराभर सीव्ही चाळून बाजूला टाकतो, त्याला तुमचं ऐकायला वेळ कुठे?

गडवाट: वारीवरून तुमच्याशी जे झालं ते चुकीचंच, त्यावर दुमत नाही. पण म्हणून सगळ्यांनी सगळं लपवायचं हे मला पटत नाही. ताई, भाऊ रिकाम्या वेळात काय करतो ते सांगा ना.

नाशिकची_ताई: सायकली खोलतो. गल्लीतल्या सगळ्या गिअरच्या सायकली आमच्या अंगणात असतात, चाकाचा आउट म्हणजे वाकडेपणा काढणं, फ्रीव्हील बदलणं, गिअर सेट करणं, दिवाळीत तर रात्री अकरापर्यंत हात ग्रीसने काळे. पैसे घेत नाही म्हणून त्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

गडवाट: अहो मग हेच लिहा! मेकॅनिकलच्या पोराला अजून काय पाहिजे.

पखवाजी: हे मलाही मान्य, फक्त छंदाखाली नको. प्रोजेक्टच्या खाली टाका, किती सायकली आणि काय काय काम केलं ते लिहून. छंदाखाली लिहिलं तर वाचणारा टाइमपास समजतो.

नाशिकची_ताई: आत्ता त्याला बसवून मोजायला लावलंय, वर्षभरात एकवीस आठवल्या. प्रोजेक्टखालीच टाकतोय. क्रिकेट मात्र काढू देत नाहीये, म्हणे ऑफिसची टीम असते.