आठातलं एक कारण
कुणीतरी म्हटलंय, ‘बुद्धांनीही कर्म मानलंच, म्हणजे आजारपण-गरिबी हे मागच्या जन्माचंच फळ.’ पहिलं अर्धं बरोबर, दुसरं नाही. संयुत्त निकायात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या एका पाली संग्रहात, सीवक नावाचा परिव्राजक (भटका संन्यासी) नेमकं हेच विचारतो: माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मानेच का? बुद्ध आठ कारणं मोजून दाखवतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचा सन्निपात, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, अचानक झालेला आघात आणि शेवटी कर्मविपाक, म्हणजे कर्माचं फळ. म्हणजे आठातलं एक! सगळं पूर्वकर्मावर ढकलणारे स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाला ठाऊक असलेल्या गोष्टींच्या पलीकडे धावतात, असंही बुद्ध स्पष्ट सांगतात. वैद्याच्या ओट्यावर बसून दिल्यासारखं उत्तर आहे हे, मला भारी आवडतं.

माझ्या मावशीला संधिवात. हळदीकुंकवाला बोटं वळेनात, करंडा हातातून निसटला, तर शेजारीण म्हणाली, ‘भोग असतात गं, फेडावेच लागतात.’ मावशी त्यानंतर दोन महिने दवाखान्याची पायरी चढली नाही. तिला मी ही यादी वाचून दाखवली. ‘वात तिसराच आहे की!’ म्हणाली, आणि फाईल शोधायला उठली.