बी.एड. बेळगावात करू की कोल्हापूरला? आणि शाळा चालवायला शिकवतात का तिथं?

ओली_छत्री (खानापूर तालुका):
नमस्कार सगळ्यांना. यंदा बी.एस्सी. झालं, ६८ टक्के, आणि घरात आता एकच विषय, बी.एड. बाबा म्हणतात बेळगावातच कर, रोज बसनं जाऊन येशील. मामा म्हणतो कोल्हापूरला जा, मराठीतून होईल. मला कुणी विचारत नाही ते सोडा. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढं सगळं इंग्लिशमधून, कन्नड वाचता येतं खरं लिहायला बसले की ओत्ताक्षरं (कन्नडची जोडाक्षरं) चुकतात.
आता माझा प्रश्न. ओळखीतल्या एक टीचर आहेत, त्या म्हणतात बी.एड. म्हणजे फायली रंगवणं, शिकवायचं तू नोकरी लागल्यावर शिकशील. मग दोन वर्षं आणि एवढे पैसे कशाला घालायचे? आणि आमच्या गावच्या शाळेत तीन वर्षं हेडमास्तरच नव्हते, एक टीचर इनचार्ज होत्या, त्या वर्गात कमी आणि कागदात जास्त असायच्या. शाळा चालवायचं हे लोक कुठं शिकतात, की शिकतच नाहीत?

डस्टर_हरवला:
आधी एक ठरव, कुठल्या वर्गाला शिकवायचंय. पहिली ते पाचवी डोक्यात असेल तर बी.एड. नको, डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांचा कोर्स) कर. ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलंय की बी.एड.वाले त्या वर्गांना चालत नाहीत. सहावीच्या पुढं शिकवायचं असेल तर बी.एड., आणि सहावी ते आठवीला वर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), १५० पैकी ९० काढायचे, राखीव असशील तर थोडी सवलत. पहिली भाषा मराठी घेता येते त्यात, घाबरू नको. एकदा पास झालीस की सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं, पूर्वी सात वर्षांनी बाद व्हायचं.
बेळगाव की कोल्हापूर म्हणशील तर ढाचा दोन्हीकडं एकच. एनसीटीईनं (शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी केंद्राची संस्था) २०१५ पासून सगळ्या देशात दोन वर्षांचं केलंय, पहिल्या वर्षी चार आठवडे आणि दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे शाळेत जायचं, विषयांची नावं थोडी इकडंतिकडं. बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० ला झालं, त्याआधी आमच्या वेळचं सगळं धारवाडला. फरक माध्यमाचा आणि प्रवेशाचा. कोल्हापूरसाठी महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा, सीईटी, द्यावी लागते, शंभर प्रश्न दीड तास, इकडं पदवीच्या मार्कांवर लिस्ट लागते. महाराष्ट्र हक्क सांगतो त्या ८६५ गावांतली असशील तर महाराष्ट्रात सीमाभागाची सवलत असते, खरं बी.एड.च्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत तो कॉलम आहे का आणि दाखला कुणाचा लागतो हे बघूनच पैसे भर.
आता फायलींबद्दल. होय, रंगवतात. मीपण रंगवल्या. खरं एक पाठ मला अजून आठवतो. इंटर्नशिपला खानापूरच्या जंगलाकडची शाळा मिळालेली, जुलै महिना, विषय बाष्पीभवन. पाठाचं टाचण कसलं सुंदर काढलेलं, प्रस्तावनेचे प्रश्न, उद्दिष्टं, फलक लेखन सगळं. ओला रुमाल खिडकीत टांगला आणि विचारलं, "मुलांनो, थोड्या वेळानं याचं काय होईल?" मागून एक पोरगा म्हणाला, "काय होत न्हाई सर, आमचा युनिफॉर्म सोमवारपासनं वाळला न्हाई." सगळा वर्ग हसला, मीपण हसलो आणि माझं टाचण तिथंच संपलं. मग त्यालाच विचारलं, वाळवता कसं? "चुलीवर दोरी बांधलीया." तिथनं पुढं हवेतला ओलावा, उष्णता, कणकुंबीला वाळत नाही आणि बेळगावात वाळतं ते का, पोरंच बोलत राहिली. तास संपला तेव्हा रुमाल होता तस्साच ओला. आमच्या निरीक्षकांनी शेरा मारला, टाचणाप्रमाणे पाठ झाला नाही. खरंच नव्हता झाला.
म्हणजे टाचण काढायला कॉलेजनं शिकवलं आणि टाचण सोडायचं कधी हे त्या पोरानं. खरं पहिलं येत नसतं तर दुसरं जमलं नसतं, नुसताच घाम फुटला असता.

सेकंड_इयर_चालू:
मी आत्ता बेळगावात करतेय, इंग्लिश मीडियम. फायली आहेत गं, खोटं कशाला सांगू, एका विषयाच्या प्रॅक्टिकलला किती वह्या होतात ते मोजायचं सोडलंय. खरं सगळंच फालतू नाही. मायक्रो टीचिंग ऐकलंयस ना? वर्गातल्याच मैत्रिणी सातवीतली मुलं होतात आणि आपण एकच कौशल्य घेऊन सहा मिनिटं शिकवायचं. सहा मिनिटं शिकवणं, सहा मिनिटं फीडबॅक, बारा मिनिटं परत तयारी, परत सहा शिकवणं आणि सहा फीडबॅक, छत्तीस मिनिटांचा खेळ. पहिल्यांदा प्रश्न कौशल्याला उभी राहिले आणि सहा मिनिटांत अकरा प्रश्न विचारले, नऊंची उत्तरं मीच दिली. मैत्रिणीनं वहीत रेघा मारून दाखवलं तेव्हा कळलं. आता वर्गात प्रश्न विचारला की तोंड बंद ठेवून मनात पाच मोजते, एवढी एक सवय त्या नाटकातनं लागली.
ज्याचा काही उपयोग झाला नाही तेही सांगते. आम्हाला सगळे सराव पाठ एकाच इयत्तेच्या, गप्प बसणाऱ्या चाळीस मुलांसाठी काढायला लावले. आणि इंटर्नशिपला पाठवलं तिथं दोन टीचर, पाच वर्ग. खालचे तीन वर्ग नलीकलीत (कर्नाटकातली खेळत शिकायची पद्धत) एकत्र गटानं बसलेले, एक पोरगी घरात कोकणी बोलते, एक कन्नड, बाकीची मराठी. आपण सहावीवाल्या म्हणून काय झालं, टीचर रजेवर गेली की तो वर्ग आपल्याच गळ्यात. तिथं मला एका वर्गाला काम देऊन दुसऱ्याकडं वळायचं म्हणजे काय करायचं हे कुणी सांगितलेलं नव्हतं, तिथल्या टीचरकडं बघून बघून शिकले. त्या बाई फळ्याचे खडूनं तीन भाग करायच्या आणि चौथीतल्या एका मुलाला दुसरीवाल्यांचं वाचन घ्यायला बसवायच्या. कुठल्या पेपरात नाही हे.
म्हणून सांगते, कॉलेज निवडताना शहर बघू नको. विचार की इंटर्नशिपला कुठल्या शाळा देतात आणि पाठ बघायला मॅडम स्वतः येतात का नुसती सही करतात. आणि जिथं "हजेरीचं बघू आपण" म्हणतात तिथनं चप्पल घालून बाहेर ये. नियमात वर्गाला ८० टक्के आणि इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी आहे, ती विकत देणारे तुला काय शिकवणार.

निपाणीचा_जावई:
कशाला घाई, एक वर्षाचं बी.एड. परत येणार आहे म्हणे, थांब की.

सेकंड_इयर_चालू:
@निपाणीचा_जावई २०२५ ला एनसीटीईनं मसुदा काढलाय तो, आणि त्यातपण एक वर्षवालं चार वर्षांची पदवी नाहीतर एम.एस्सी./एम.ए. झालेल्यांना आहे. तिची तीन वर्षांची बी.एस्सी. आहे. व्हॉट्सॲपवरनं करिअर ठरवू नका भाऊजी.

टीसीएच_८४:
मी निवृत्त हेडमास्तर. आताच्या डी.एल.एड.सारख्या कोर्सला आमच्या वेळी टीसीएच म्हणत, त्यावर लागलो. पोरी, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला इथं कुणी हात लावलेला नाही म्हणून लिहितोय, थोडं लांबेल.
शाळा चालवायचं आम्हाला कुणी शिकवलं नाही. सीनियॉरिटी आली, चार्ज घेतला, आधीच्या सरांनी किल्ल्यांचा जुडगा आणि कपाट दाखवलं आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बिसीऊटाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, बाई दारात, तांदूळ किती काढू? आजच्या एचएमला (हेडमास्तरला) तर आणखी, अंडी खाणारी किती, केळी किती, दूध किती, मग एसएटीएसला (राज्याची ऑनलाइन नोंद) मुलांची माहिती, यू-डायसची (केंद्राची नोंद) माहिती, एसडीएमसीची (शाळेच्या पालक समितीची) सभा, आणि सुत्तोले (सरकारी परिपत्रकं) येतात ती सगळी कन्नडमध्ये. माझ्या मराठी शाळेतल्या दोन चांगल्या बाई नुसत्या ह्या कारणानं चार्ज घ्यायला नको म्हणाल्या. वर्गात वाघ, खरं कन्नड कागद आला की दुसऱ्याकडं सरकवायच्या. म्हणून तुझी ओत्ताक्षरं आत्ताच दुरुस्त कर. मराठीचा अभिमान असू दे, मलाही आहे, खरं सुत्तोले स्वतः वाचता येणारा मराठी मास्तर मुलांच्या जास्त कामाचा. दुसऱ्यानं वाचून सांगितलेलं सुत्तोले नेहमी अर्धंच असतं.
बी.एड.मध्ये शाळा व्यवस्थापन म्हणून एखादं प्रकरण असतं, परीक्षेपुरतं. एम.एड.ला प्रशासन घेता येतं. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा शालेय व्यवस्थापन पदविका म्हणून कोर्स आहे, महाराष्ट्रातले पुष्कळ हेडमास्तर तो करतात. दिल्लीच्या नीपा ह्या शिक्षण नियोजनाच्या संस्थेचा शाळा नेतृत्वाचा ऑनलाइन कोर्स फुकट आहे, मी निवृत्तीच्या आधी केला, त्यातलं एक कामाचं वाटलं, की हेडमास्तरनं दुसऱ्याच्या वर्गात मागं बसून तास बघायचा आणि नंतर त्यावर बोलायचं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात हेडमास्तरांना वर्षाला ५० तास प्रशिक्षण लिहिलंय. लिहिलंय खरं, बहुतेक तास मोबाईलवर व्हिडिओ चालू ठेवून आपण अंडी मोजण्यात जातात, मी स्वतः तेच केलंय.
मी वीस वर्षं शिकवलं आणि त्यात दुसऱ्या कुणाचा तास बघितला नव्हता. चार्ज घेतल्यावर बघायला लागलो तर पहिल्या आठवड्यात बाई घाबरल्या, वाटलं मी रिपोर्ट लिहितोय. मग मी उलटं केलं. आधी माझा गणिताचा तास बघायला त्यांना बोलावलं. त्यांनी दोन चुका काढल्या, एक तर भागाकारातली, फळ्यावरची! त्यानंतर त्यांच्या वर्गाचं दार मला उघडं असायचं. हे बी.एड.च्या वर्गातच शिकवता येईल की. तुम्ही एकमेकींचे पाठ बघताच, निरीक्षण वह्या भरताच, नुसत्या "फलक लेखन चांगले" असं लिहून सोडता. तिथं खरं लिहायला शिकलीस तर पुढची हेडमास्तरीण तिथंच तयार होते.

डस्टर_हरवला:
सर, "फलक लेखन चांगले" मी किमान चाळीस वेळा लिहिलंय 🙏

ओली_छत्री:
सगळ्यांचे खूप आभार, टीसीएच सर तुमचं तर आईला वाचून दाखवलं. पहिली ते पाचवीचं कोर्टाचं मला माहीतच नव्हतं, मामालाही नव्हतं, तो आता गप्प आहे. मला सहावीच्या पुढंच शिकवायचंय म्हणून बी.एड.च. सध्या बेळगावच्या बाजूनं आहे, कन्नड सुधारेल म्हणून, खरं मराठी टाचण काढायची सवय राहील का ही भीती आहे. दोन कॉलेजांत जाऊन इंटर्नशिपचं विचारणार. सेकंड_इयर ताई, तुमच्या त्या फळ्याचे तीन भाग करणाऱ्या बाईंचा वर्ग बघायला बाहेरच्या माणसाला येऊ देतील का?

सेकंड_इयर_चालू:
एचएमना विचारते. शनिवारी सकाळची शाळा असते, ये तेव्हा. जांबोटी साइडची बस लवकर असते आणि ती चुकली की गेलीच. आणि छत्री आण 😄